फार्मॅकची (औषधशास्त्र) टर्म परीक्षा जवळ आलीय आणि फिजिओ (शरीरक्रियाशास्त्र) पुसून गेलंय, कुठून धरू?

कल्याण_स्लो

सेकंड एमबीबीएसला आहे, मुंबईतच. फार्मॅकमध्ये ऑटोनॉमिक (आपोआप चालणाऱ्या मज्जासंस्थेचा भाग) संपलं, आता किडनीची औषधं चालू आहेत. कुठल्या औषधाला कुठला रिसेप्टर हे तक्ते पाठ आहेत, पण व्हायवात (तोंडी परीक्षेत) "का?" विचारलं की गाडी तिथेच थांबते. सिनियर दादा-ताईंना नेमके प्रश्न विचारते:

नॉरॲड्रिनॅलिन बीटा-१ लाही लागतं, मग त्याने हृदयाचे ठोके कमी का होतात? ॲड्रिनॅलिनने बीपीचा ग्राफ आधी वर जातो आणि उतरताना बेसलाइनच्याही खाली का जातो?

कायनेटिक्सची (शरीर औषधाचं काय करतं त्याची) सूत्रं येतात, पण गणितात कुठलं सूत्र कधी लावायचं ते कळत नाही.

फ्युरोसेमाइड आणि थायाझाइड दोन्ही पोटॅशियम घालवतात, मग कॅल्शियमच्या बाबतीत उलटे का वागतात?

आणि प्रॅक्टिकलला कॉम्प्युटरवर कुत्र्याच्या बीपीचा प्रयोग येतो, त्यात अनोळखी औषध ओळखायला सांगतात. काही पद्धत आहे का, की अंदाजानेच सांगायचं?

सकाळी पोस्टिंग, दुपारी लेक्चर, येण्याजाण्यात रोजचे अडीच तास. फिजिओलॉजीचं जाडं पुस्तक पहिल्यापासून परत वाचणं शक्य नाही. मराठीत समजावलंत तर फार बरं होईल.

कॅरोटिड_सायनस

जाडं पुस्तक पहिल्यापासून वाचूच नकोस. ऑटोनॉमिकसाठी फिजिओतला एकच धडा पक्का लागतो, तो म्हणजे बॅरोरिसेप्टर रिफ्लेक्स. तुझे पहिले दोन्ही प्रश्न त्यातच सुटतात.

औषध रिसेप्टरला लागतं, ही पहिली पायरी. त्यामुळे बीपी बदलतं, ही दुसरी. बदललेलं बीपी शरीर परत जागेवर आणायला बघतं, ही तिसरी. तक्त्यात फक्त पहिली पायरी असते. ग्राफवर मात्र तिन्हींची बेरीज दिसते.

आता रिफ्लेक्स. कॅरोटिड सायनसमधून नववी क्रेनियल नर्व्ह, एओर्टिक आर्चमधून दहावी (व्हेगस), दोन्ही मेड्युलातल्या न्यूक्लियस ट्रॅक्टस सॉलिटेरियसकडे जातात. हे रिसेप्टर ताण मोजतात. बीपी वाढलं की भिंत ताणली जाते, फायरिंग वाढतं, ठोके मंदावणारी व्हेगस जोर धरते आणि ठोके-बीपी वाढवणारं सिंपथेटिक ढिलं पडतं. इथे बरीच मुलं उलटं लिहितात की बीपी पडल्यावर बॅरोरिसेप्टर "स्टिम्युलेट" होतात. तसं नाही. बीपी पडलं की त्यांचं फायरिंग कमी होतं आणि म्हणून सिंपथेटिकवरचा लगाम सुटतो.

नॉरॲड्रिनॅलिन अल्फा-१, अल्फा-२ आणि बीटा-१ ला लागतं, बीटा-२ ला जवळजवळ नाही. रक्तवाहिन्या आवळतात, सिस्टॉलिक आणि डायस्टॉलिक दोन्ही चढतात, मीन प्रेशर बरंच वर जातं. मग व्हेगस हृदयाला दाबते. बीटा-१ ठोके वाढवायला बघतोय, व्हेगस कमी करायला, आणि व्हेगस जिंकते. पुरावा हवा तर आधी ॲट्रोपिन दे: व्हेगसची वाट बंद झाली की तेच नॉरॲड्रिनॅलिन ठोके वाढवतं. व्हायवात हा पुरावा स्वतःहून सांगितलास तर पुढचा प्रश्न सहसा येत नाही.

ॲड्रिनॅलिनचं गणित डोसवर आहे. बीटा-२ कमी पातळीलाही प्रतिसाद देतात, अल्फाला जास्त पातळी लागते. हळू इन्फ्यूजनने थोडं दिलं तर स्नायूंमधल्या रक्तवाहिन्या बीटा-२ मुळे पसरतात, डायस्टॉलिक उतरतं. बीटा-१ मुळे सिस्टॉलिक चढतं. पल्स प्रेशर (सिस्टॉलिक वजा डायस्टॉलिक) रुंदावतं. एकदम मोठा डोस शिरेतून दिला तर सुरुवातीला अल्फाचा जोर चालतो आणि ग्राफ उंच जातो. रक्तातली पातळी उतरू लागली की अल्फाचा परिणाम आधी संपतो, बीटा-२ चा उरतो. बेसलाइनखालचा खड्डा तोच. आता अल्फा ब्लॉकर देऊन तोच डोस परत दे: वर जाणारा भाग नाहीसा होतो, फक्त खड्डा राहतो. हेच डेलचं व्हॅसोमोटर रिव्हर्सल. हेन्री डेलने १९०६ मध्ये अर्गट वापरून ते दाखवलं होतं. नॉरॲड्रिनॅलिनचं असं रिव्हर्सल होत नाही, कारण उलटायला त्याच्याकडे बीटा-२ च नाही. अल्फा ब्लॉकरनंतर त्याची चढण नुसती दबते.

वॉर्डातला याचा उपयोग फिओक्रोमोसायटोमात (ॲड्रिनॅलिन-नॉरॲड्रिनॅलिन सोडणाऱ्या गाठीत) दिसतो. तिथे आधी अल्फा ब्लॉकर, मगच बीटा ब्लॉकर. उलट केलंस तर रक्तवाहिन्या पसरवणारा बीटा-२ बंद होतो, अल्फा मोकळा राहतो आणि बीपी भडकतं.

मीन प्रेशर काढताना सरासरी काढू नकोस. डायस्टॉलिक अधिक पल्स प्रेशरचा एक तृतीयांश. १२०/८० ला ते १०० नसून साधारण ९३ येतं.

मिग्रॅ_प्रति_लिटर

कायनेटिक्सच्या प्रश्नाचं बघतो. कायनेटिक्समध्ये गोंधळ सूत्रांचा नसतो, प्रश्न काय विचारतोय ते न ओळखण्याचा असतो. दोनच प्रश्न असतात. "टाकी भरायला किती लागेल?" म्हणजे लोडिंग डोस, त्याला व्हॉल्यूम ऑफ डिस्ट्रिब्यूशन लागतो. "गळती भरून काढायला तासाला किती लागेल?" म्हणजे मेंटेनन्स, त्याला क्लिअरन्स लागतो. टाकी केवढी आहे याचा गळतीशी संबंध नाही, आणि गळती किती याचा टाकी भरण्याशी नाही. हाफ-लाइफ (पातळी निम्मी व्हायचा वेळ) या दोघांतून निघते: ०.६९३ गुणिले व्हॉल्यूम, भागिले क्लिअरन्स.

थिओफिलिन घेऊ, कारण त्याची उपचारात्मक पट्टी अरुंद आहे आणि आकडे सोपे आहेत. ६० किलोचा रुग्ण. व्हॉल्यूम किलोला ०.५ लिटर, म्हणजे ३० लिटर. क्लिअरन्स किलोला तासाला ०.०४ लिटर, म्हणजे २.४ लिटर प्रति तास. हवी पातळी १० मिग्रॅ प्रति लिटर.
लोडिंग: ३० × १० = ३०० मिग्रॅ.
मेंटेनन्स: २.४ × १० = तासाला २४ मिग्रॅ.
हाफ-लाइफ: ०.६९३ × ३० ÷ २.४ = साधारण ८.७ तास.
इंजेक्शन अमिनोफिलिनचं असेल तर त्यात थिओफिलिन सुमारे ८० टक्के असतं, म्हणून ०.८ ने भागायचं: ३७५ मिग्रॅ लोडिंग, तेही सावकाश, २० ते ३० मिनिटांत, आणि तासाला ३० मिग्रॅ. घाईने शिरेत ढकललं तर ॲरिदमिया आणि झटके, दोन्हीची भीती.

स्टेडी स्टेटला (पातळी स्थिर व्हायला) ४ ते ५ हाफ-लाइफ लागतात: ५०, ७५, ८७.५, ९३.७५, जवळजवळ ९७ टक्के. डोस दुप्पट केला तरी हा वेळ बदलत नाही, फक्त पोचायची पातळी बदलते. हे वाक्य प्रश्नपत्रिकेत वेगवेगळ्या वेशात येतं.

चुका बहुतेक एककांच्या असतात. क्लिअरन्स मिली प्रति मिनिटात दिला असेल तर ०.०६ ने गुणून लिटर प्रति तास कर, मगच पुढे जा. मिग्रॅ प्रति लिटर आणि मायक्रोग्रॅम प्रति मिली एकच आहेत, तिथे हजाराने गुणू नकोस. आणि तोंडाने द्यायचं असेल तर बायोअव्हेलेबिलिटीने (रक्तात पोचणाऱ्या वाट्याने) भागायचं, गुणायचं नाही. कमी शोषलं जात असेल तर जास्त द्यावं लागणार.

फेनिटॉइन या सगळ्याला अपवाद. त्याची एन्झाइमं उपचाराच्या पातळीतच भरून जातात. ३०० चे ४०० मिग्रॅ केले की पातळी एक तृतीयांशाने नाही, कितीतरी जास्त चढू शकते. निस्टॅग्मस (डोळ्यांची थरथर), तोल जाणं तिथूनच सुरू होतं. म्हणून त्याचा डोस छोट्या पायऱ्यांनी वाढवतात.

आणखी एक समजून ठेव: औषधाची हाफ-लाइफ आणि परिणामाची मुदत एक नसतात. ॲस्पिरिन रक्तात १५-२० मिनिटांत अर्धं होतं, पण प्लेटलेटवर त्याचा परिणाम ७ ते १० दिवस टिकतो. प्लेटलेटला न्यूक्लियस नाही, ती नवं सायक्लोऑक्सिजिनेज बनवू शकत नाही, म्हणून नवीन प्लेटलेट येईपर्यंत थांबावं लागतं. वॉरफरिनचंही तसंच: ते रक्त गोठवणारे नवे फॅक्टर बनणं थांबवतं, आधीचे मात्र आपल्या गतीने संपतात. फॅक्टर सातची हाफ-लाइफ सुमारे ६ तास, फॅक्टर दोनची सुमारे ६०. म्हणून आयएनआर (रक्त गोठायला किती उशीर होतो त्याचं माप) आधी चढायला लागतो आणि खरं संरक्षण काही दिवसांनी मिळतं. तोवर हेपरिन चालू ठेवतात ते याचसाठी.

हे गणित सोडवून इथे टाक: व्हॉल्यूम ४० लिटर, क्लिअरन्स २० मिली प्रति मिनिट, हवी पातळी ५ मिग्रॅ प्रति लिटर, तोंडाने दर १२ तासांनी, बायोअव्हेलेबिलिटी ०.८. लोडिंग, मेंटेनन्स, हाफ-लाइफ, स्टेडी स्टेटचा वेळ.

हेन्लेचा_वळसा

तू कल्याणची आहेस ना, मग नेफ्रॉन (किडनीतली गाळणी आणि तिची नळी) तुझ्याच गाडीत आहे.

ग्लोमेरुलसमधून (गाळणीतून) मिनिटाला १२५ मिली गाळलं जातं, दिवसाला १८० लिटर. लघवी होते दीड लिटरच्या आसपास. सोडियमचे १०० प्रवासी सीएसएमटीहून निघाले असं धर. दादरला, म्हणजे प्रॉक्झिमल ट्यूब्यूलमध्ये, ६५ उतरले, म्हणजे परत रक्तात गेले. ठाण्याला, म्हणजे हेन्लेच्या लूपच्या जाड चढत्या भागात, २५. डोंबिवलीला, डिस्टल ट्यूब्यूलमध्ये, ५. कल्याणला, कलेक्टिंग डक्टमध्ये, उरलेले चार-पाच. कारशेडला जाताना गाडीत जेमतेम एखादा.

ॲसिटाझोलामाइड दादरचं एखादं दार बंद करतं. पण राहिलेली माणसं ठाण्याला उतरतात, तिथे फलाट मोठा आहे. म्हणून ते डाययुरेटिक म्हणून दुबळं. फ्युरोसेमाइड ठाण्याचा फलाट बंद करतं. पुढची दोन स्टेशनं २५ माणसं उतरवून घेऊ शकत नाहीत, म्हणून ते सगळ्यात जोरकस. थायाझाइड डोंबिवली बंद करतं, ५ चाच प्रश्न, म्हणून जोर मध्यम.

पोटॅशियम कल्याणला ठरतं. तिथे सोडियम ईनॅक नावाच्या चॅनेलमधून पेशीत शिरतं, नळीच्या आत ऋण भार उरतो आणि तो पोटॅशियमला बाहेर खेचतो. कल्याणच्या आधीचं कुठलंही स्टेशन बंद केलंस तर कल्याणला गर्दी वाढते आणि पोटॅशियम जातं. शिवाय पाणी गेल्याने अल्डोस्टेरॉन वाढतं आणि भर पडते. कल्याणच बंद केलं, म्हणजे अमिलोराइड किंवा स्पायरोनोलॅक्टोन, तर पोटॅशियम वाचतं. वर्गीकरण वेगळं पाठ करायची गरजच उरत नाही.

आता कॅल्शियम. जाड चढत्या भागात जे पोटॅशियम आत घेतलं जातं त्यातलं बरंच परत नळीत गळतं, त्यामुळे नळीच्या आत धन भार तयार होतो आणि तो कॅल्शियम-मॅग्नेशियमला पेशींच्या फटींतून रक्ताकडे ढकलतो. फ्युरोसेमाइडने पंप बंद, भार नाहीसा, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम लघवीतून बाहेर. डिस्टल ट्यूब्यूलमध्ये यंत्रणा निराळी. थायाझाइडने पेशीतलं सोडियम कमी होतं, मग रक्ताकडच्या बाजूचा सोडियम-कॅल्शियम एक्स्चेंजर जास्त चालतो: सोडियम आत घेतो, कॅल्शियम रक्तात सोडतो. म्हणून लघवीत कॅल्शियम जास्त जाऊन वारंवार खडे होणाऱ्यांना थायाझाइड देतात.

एक गोष्ट पुस्तकात एका ओळीत आटोपते, पण वॉर्डात रोज लागते. फ्युरोसेमाइड प्रथिनांना इतकं चिकटलेलं असतं की गाळणीतून फारसं जातच नाही. प्रॉक्झिमल ट्यूब्यूलच्या पेशी त्याला ऑरगॅनिक ॲनायन ट्रान्सपोर्टरने नळीत सोडतात, आणि ते काम नळीच्या आतून करतं. किडनी निकामी होत असेल तर साचलेली आम्लं तेच ट्रान्सपोर्टर अडवतात, नळीत औषध कमी पोचतं, म्हणून डोस वाढवावा लागतो. स्पायरोनोलॅक्टोनला ही वाट लागत नाही. ते रक्ताच्या बाजूने पेशीत शिरून रिसेप्टर अडवतं, आणि जीनमार्गे काम असल्याने परिणामाला एक-दोन दिवस जातात.

शेवटी एक तिहेरी धोका. पाणी कमी झालेल्या रुग्णात ग्लोमेरुलसचा दाब दोन गोष्टी सांभाळतात: आत येणारी धमनी प्रोस्टाग्लँडिनमुळे उघडी राहते, बाहेर जाणारी अँजिओटेन्सिन-२ मुळे आवळलेली राहते. डाययुरेटिकने पाणी घालवलं, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकने पहिली वाट घालवली, एसीई इनहिबिटरने दुसरी. क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात साचणारं) चढलं तर आश्चर्य नको. गुडघेदुखीची गोळी दुकानातून आणून खाणारे बीपीचे रुग्ण ओपीडीत कमी नसतात, हिस्ट्री घेताना मुद्दाम विचार.

कल्याण_स्लो

सर्वांचे मनापासून आभार. दादर-ठाणे-डोंबिवली आता विसरणार नाही.

दोन उपप्रश्न. ॲट्रोपिन ठोके वाढवतं, मग कमी डोसला आधी ठोके कमी होतात असं का लिहिलेलं असतं? आणि ॲसिटिलकोलीन शिरेतून दिलं की बीपी पडतं, पण रक्तवाहिन्यांना पॅरासिंपथेटिक नर्व्ह जातच नाही असं फिजिओत शिकलो. मग रिसेप्टर कुठला?

कॅरोटिड_सायनस

ॲट्रोपिन: व्हेगसच्या टोकावर एम-१ रिसेप्टर असतात, ते ॲसिटिलकोलीन सुटण्याला आवर घालतात. ०.५ मिग्रॅपेक्षा कमी डोसला आधी हा आवर सुटतो, ॲसिटिलकोलीन जास्त बाहेर पडतं आणि ठोके थोडा वेळ मंदावतात. डोस पुरेसा असला की हृदयावरचे एम-२ अडतात आणि ठोके वाढतात. हृदय मंदावलेल्या रुग्णाला चिमूटभर ॲट्रोपिन देऊ नये ते यासाठी.

दुसरा प्रश्न फार छान आहे. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर, एंडोथेलियमवर, एम-३ आहेत आणि त्यांना नर्व्ह नाही हे खरंच. पण शिरेतून दिलेलं औषध तिथे पोचतं. एंडोथेलियम नायट्रिक ऑक्साइड सोडतं, तो खालच्या स्नायूत जातो, सायक्लिक जीएमपी वाढतं, वाहिनी पसरते. १९८० मध्ये फर्चगॉट यांनी दाखवलं की अस्तर खरवडून काढलं तर ॲसिटिलकोलीनने वाहिनी पसरत नाही. १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना याच साखळीसाठी मिळालं. नायट्रोग्लिसरीन आणि सिल्डेनाफिल एकत्र का देत नाहीत तेही इथेच कळतं: एक सायक्लिक जीएमपी वाढवतं, दुसरं ते तुटू देत नाही.

ड्रिपचे_थेंब

अनोळखी औषधाला पद्धत आहे, अंदाज लावायचं काम नाही.

आधी बेसलाइनचं मीन प्रेशर आणि ठोके लिहून घे. मग औषध दे आणि फक्त एवढंच बघ: चढलं की पडलं.

पडलं, तर ॲट्रोपिन देऊन परत दे. पडणं बंद झालं तर ॲसिटिलकोलीन. ॲट्रोपिनने फरक नाही, तर प्रोप्रॅनोलॉलनंतर परत दे. आता बंद झालं तर आयसोप्रिनॅलिन. तरीही पडतंय तर हिस्टामिनचा संशय, मेपिरामिन देऊन बघ. तिथे एच-२ चाही वाटा असतो, म्हणून नुसत्या एच-१ ब्लॉकरने परिणाम पुरता जाईलच असं नाही.

चढलं, तर अल्फा ब्लॉकरनंतर परत दे. उलटलं तर ॲड्रिनॅलिन. नुसतं दबलं तर नॉरॲड्रिनॅलिन किंवा फिनाइलएफ्रिन. या दोघांत फरक करायचा तर सगळं रिसेट करून आधी ॲट्रोपिन दे: नॉरॲड्रिनॅलिनला ठोके वाढतील, फिनाइलएफ्रिनला बीटा नसल्याने वाढणार नाहीत. आणि तोच डोस लागोपाठ दिल्यावर प्रतिसाद घटत गेला तर एफेड्रिन धर. ते बरंचसं साठ्यातलं नॉरॲड्रिनॅलिन सोडवून काम करतं, साठा आटला की प्रतिसादही आटतो.

परीक्षेत एक सापळा टाकतात: ॲट्रोपिन दिल्यावर ॲसिटिलकोलीनचा खूप मोठा डोस. बीपी चढतं. मस्कॅरिनिक (एम रिसेप्टरची) वाट बंद आहे, पण गँग्लिया आणि ॲड्रिनल मेड्युलावरचे निकोटिनिक रिसेप्टर मोकळे आहेत. गँग्लिया अडवणाऱ्या हेक्सामेथोनियमने ही चढण जाते.

चुकतं कुठे? ग्राफ बेसलाइनवर यायच्या आत पुढचा डोस दिला जातो, किंवा मागचा ब्लॉकर तसाच राहतो आणि पुढची सगळी निरीक्षणं त्यात रंगतात. प्रत्येक नव्या शंकेला रिसेट करायचं.

याच टेबलावर डोसची गणितंही विचारतात, त्यातली ही हमखास. डोपामिनचा ५ मिलीचा ॲम्प्यूल, त्यात २०० मिग्रॅ. एकूण २५० मिली होईल असं पातळ केलं, म्हणजे मिलीला ८०० मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या रुग्णाला किलोला मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम, म्हणजे मिनिटाला ३००. ३०० ÷ ८०० = ०.३७५ मिली. मायक्रोड्रिप सेटचे मिलीला ६० थेंब, म्हणून मिनिटाला २२ ते २३ थेंब. २० थेंबांच्या साध्या सेटवर हेच साडेसात येतात, आणि साडेसात थेंब कुणाला मोजता येणार? सेट का बदलायचा ते इथे कळतं.

प्रमाणाची भाषाही पक्की कर. १:१००० म्हणजे मिलीला १ मिग्रॅ. १:१०,००० म्हणजे मिलीला ०.१. ॲनाफिलॅक्सिसमध्ये (जिवावरच्या ॲलर्जीत) मोठ्या माणसाला १:१००० ॲड्रिनॅलिन अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. तेच न पातळ करता शिरेत गेलं तर जिवावर बेतू शकतं, आणि हा गोंधळ दोन आकड्यांतल्या एका शून्याचा असतो. टक्केवारीत १ टक्का म्हणजे मिलीला १० मिग्रॅ. २ टक्के लिग्नोकेन, ॲड्रिनॅलिनविना किलोला ४.५ मिग्रॅची मर्यादा: ६० किलोला २७० मिग्रॅ, म्हणजे साडेतेरा मिली.

भायखळा_पूर्व

वरची चर्चा वाचून फार बरं वाटलं. अभ्यास कसा लावायचा त्याबद्दल थोडं लिहितो.

औषधांचे कार्ड बनवताना मुलं नाव, वर्ग, उपयोग, दुष्परिणाम या क्रमाने लिहितात. क्रम बदला. सर्वांत वर शरीराची नेहमीची साखळी बाण काढून लिहा, औषध कुठल्या बाणावर बसतं तिथे फुली मारा, त्याखाली शरीर काय प्रत्युत्तर देतं ते लिहा. दुष्परिणाम त्यातूनच निघतात. जे निघत नाहीत, उदाहरणार्थ एसीई इनहिबिटरचा खोकला, तिथे साखळीत काहीतरी राहिलंय असं समजा. तेच एन्झाइम ब्रॅडिकिनिनही तोडतं, हे साखळीत आलं की खोकला आपोआप येतो. डिगॉक्सिन आणि फ्युरोसेमाइड एकत्र दिल्यावर पोटॅशियम का बघायचं, हेही असंच: पोटॅशियम कमी झालं की सोडियम-पोटॅशियम पंपावर डिगॉक्सिनला जागा जास्त मिळते.

अक्षरं जुळवून केलेल्या युक्त्यांना माझा विरोध नाही, पण त्या यादीला वापरा, कारणाला नको. यादी विसरली तर दोन गुण जातात. कारण विसरलं तर पुढची दहा औषधं जातात.

पोस्टिंगचा उपयोग करा. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या कुठल्याही मेडिसिन वॉर्डात फार्मॅकचे निम्मे धडे खाटांवर दिसतात. व्हायव्हॅक्स मलेरिया: क्लोरोक्विन तीन दिवसांत मिळून किलोला २५ मिग्रॅ, पहिले दोन दिवस १० आणि तिसऱ्या दिवशी ५. मग यकृतात दडून बसलेल्या रूपासाठी प्रायमाक्विन, किलोला ०.२५ मिग्रॅ, १४ दिवस. त्याआधी जी-६-पीडी (पेंटोज फॉस्फेट वाटेचं एन्झाइम) का तपासायचं? लाल पेशीत मायटोकॉन्ड्रिया नसतात, एनएडीपीएच मिळवायची तिची वाट पेंटोज फॉस्फेटचीच, आणि एनएडीपीएच नसेल तर ग्लुटाथायोन परत तयार होत नाही. प्रायमाक्विनचा ऑक्सिडेशनचा मारा पेशी सोसू शकत नाही, फुटते. गरोदर बाईला ते देत नाहीत, कारण पोटातल्या बाळाचं जी-६-पीडी तपासता येत नाही. बघा, फर्स्ट इयरचं बायोकेमिस्ट्री एका गोळीत आलं.

साचलेल्या पाण्यातून चालून आलेल्यांना लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन देतात. ८ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर स्त्रियांना त्याऐवजी ॲझिथ्रोमायसिन का? टेट्रासायक्लिन वर्ग कॅल्शियमला पकडून वाढत्या दातांत आणि हाडांत बसतो. त्याच गुणामुळे लोहाची गोळी किंवा अँटासिड सोबत घेतलं की शोषण घटतं. आणि ही कॅप्सूल भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यायला सांगा. घोटभर पाण्याने घेऊन आडवं झालं तर अन्ननलिकेत अडकून व्रण होतो.

एक जाता जाता. सर्पगंधेवरचा रक्तदाबाचा क्लिनिकल अभ्यास रुस्तम जाल वकील यांनी इथेच मुंबईत केला आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला. त्यानंतर तीनच वर्षांनी त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं झालं. ते नॉरॲड्रिनॅलिन साठवणाऱ्या पिशव्यांचा व्हीमॅट पंप बंद करतं, साठा रिकामा होतो. आता वरच्या प्रयोगाला जोडा: रेसर्पिन दिलेल्या प्राण्याला साठा सोडवणारं टायरामिन दिलं तर बीपी चढणार नाही, कारण सोडवायला साठाच नाही. बाहेरून नॉरॲड्रिनॅलिन दिलं तर मात्र चढेल. हे औषध आज फारसं कुणी लिहून देत नाही, पण साठा, सुटका आणि परत उचल या तीन गोष्टी समजायला त्याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

गाडीतल्या वेळेत नवीन वाचू नका, उभ्याने जमत नाही. एक ग्राफ डोळ्यांपुढे आणा आणि मनात सांगा: आधी काय, मग काय, कशामुळे. घरी पोचल्यावर कोऱ्या कागदावर काढून पुस्तकाशी ताडा. जिथे चुकलं तेवढंच फिजिओ उघडा.

कल्याण_स्लो

मिग्रॅ दादा, गणित केलं. २० × ०.०६ = १.२ लिटर प्रति तास. लोडिंग ४० × ५ = २००, भागिले ०.८ = २५० मिग्रॅ. मेंटेनन्स १.२ × ५ = तासाला ६, बारा तासांचे ७२ मिग्रॅ. हाफ-लाइफ २३.१ तास, स्टेडी स्टेट चार ते पाच दिवस. बरोबर?

मिग्रॅ_प्रति_लिटर

एकक अचूक बदललंस. मेंटेनन्सला ०.८ ने भागायचं राहिलं. लोडिंगला भागलंस आणि इथे विसरलीस. गोळी तीच आहे, शोषणही तेच. ७२ ÷ ०.८ = ९० मिग्रॅ दर १२ तासांनी.

आता त्यालाच पुढे ने. औषध पूर्णपणे किडनीतून जातं आणि रुग्णाची किडनी निम्म्यावर आली असं धर. क्लिअरन्स ०.६, हाफ-लाइफ ४६ तास. टाकी तेवढीच, म्हणून लोडिंग २५० च. मेंटेनन्स ४५ मिग्रॅ दर १२ तासांनी, किंवा ९० मिग्रॅ दर २४ तासांनी. कुणी हे न बघता ९० दर १२ तासांनी चालू ठेवलं तर पहिल्या दिवशी पातळी ५ च्या आसपास, अगदी बरोबर दिसेल. तिसऱ्या दिवसाअखेर ती ८ च्या वर असेल आणि दहाव्या दिवसापर्यंत १० कडे सरकलेली असेल. पहिल्या दिवसाचा रिपोर्ट फाइलला लावून निश्चिंत राहिलेल्या माणसाला ते दिसणार नाही, म्हणून अशा रुग्णात पातळी परत कधी मोजायची तेही हाफ-लाइफवरूनच ठरवायचं. तिसऱ्या दिवसाचा आकडा कसा आला ते काढून दाखव: ७२ तासांत ४६ तासांच्या किती हाफ-लाइफ झाल्या तिथून सुरुवात कर.